दाताचा किडा धुरीने पडतो? नाही हो
सांगली-मिरजेकडे अजून कुणीतरी सांगतंच, दात ठणकतोय ना, मग रिंगणीच्या बियांची धुरी घे, किडा पडेल खाली. आणि खाली ठेवलेल्या वाटीतल्या पाण्यात पांढरं बारीक काहीतरी दिसतं पण, म्हणून लोकांना पटतं. ते बियांच्या आतले कोंब असतात, उष्णतेने फुटून बाहेर पडलेले. तोंड न धरता नुसत्या निखाऱ्यावर बिया टाका, तरी "किडे" पडतील!

फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 सालीच ही किड्याची गोष्ट खोडून काढलेली. मग दात किडतो कशाने, तर साखर खाल्ली की दातावरच्या थरातले बॅक्टेरिया ॲसिड करतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, विरघळायला लागतं, आणि हे सावरते कोण तर आपली लाळ, जिला आपण थुंकी म्हणून नाकं मुरडतो. तिच्यातलं बायकार्बोनेट ॲसिड मारतं, कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत मिळतं. पण त्याला वेळ लागतो, अर्धा-एक तास तरी, त्यामुळे एकदम चार कंदी पेढे खाल्लेले परवडले, दिवसभर एकेक चघळणं वाईट. झोपेत लाळ जवळजवळ थांबतेच, म्हणून रात्रीचा ब्रश.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतले दंतसंशोधक अर्विन मँडेल यांनी तर या लाळेवरच कित्येक वर्षं काढली, लाळ तपासून आजार ओळखता येतील हेही ते मांडत होते.

धुरीने ठणका घटकाभर कमी झाला तरी खड्डा तसाच राहतो, तो डॉक्टरच भरणार.