उलट वाहणारं रक्त आणि वाढणारी प्रोस्टेट

साठीकडे झुकलेल्या पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक हळूहळू कमी होत जातं. मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी मात्र नेमकी याच वयात वाढते, लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. या ग्रंथीची वाढ टेस्टोस्टेरॉनवरच पोसली जाते. मग खत कमी पडत असताना पीक फोफावतं कसं?

यिगाल गाट आणि मेनाहेम गोरेन या इस्रायली संशोधकांनी 2008 साली याचं एक उत्तर मांडलं. ते त्यांना सापडलं शिरांच्या रचनेत.

वृषणातलं अशुद्ध रक्त लांब, उभ्या शिरांमधून वर चढतं. डावी शीर तर थेट मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. माणूस उभा राहिला की त्या सगळ्या रक्ताचा भार खाली येतो. तो पेलायला शिरेत झडपा असतात. विहिरीतल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी मागे येऊ देत नाही, तशाच. झडपा निकामी झाल्या की रक्त तुंबतं, अंडकोशातल्या शिरा फुगून वेटोळ्या होतात. हाच व्हेरिकोसील. 100 पुरुषांत सुमारे 15 जणांना तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

गाट-गोरेन यांचं म्हणणं असं, की तुंबलेलं हे रक्त आडवाटेने प्रोस्टेटच्या शिरांत शिरतं. दाब नेहमीच्या सहापट आणि मुक्त (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं) टेस्टोस्टेरॉन अंगभर फिरणाऱ्या रक्ताच्या सुमारे 130 पट! हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात हे दिसणारच नाही. त्यांनी 28 रुग्णांच्या या शिरा बंद केल्या आणि प्रोस्टेट आक्रसल्याचं नोंदवलं.

कल्पना मला फार देखणी वाटते. पण 28 हा आकडा लहान आहे, आणि तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता. प्रोस्टेटचा त्रास नुसत्या साखरेच्या गोळीनेही काही काळ हलका वाटतो. शिवाय व्हेरिकोसील आणि प्रोस्टेटची वाढ, दोन्ही वयाबरोबर वाढतात. वयाबरोबर केसही पिकतात आणि चष्म्याचा नंबरही वाढतोच, म्हणून एकामुळे दुसरं होतं असं ठरत नाही. प्रोस्टेट स्वतः टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या अधिक जहाल संप्रेरकात रूपांतर करते, आणि ते रोखणारं फिनास्टेराइड हे औषध ग्रंथी लहान करतं, हे मात्र मोठ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. म्हणून आज केवळ प्रोस्टेटसाठी शिरा बंद करून घेऊ नयेत.

उतारवयात व्हेरिकोसील अचानक उद्भवला, किंवा फक्त उजवीकडेच दिसला, किंवा उताणं झोपूनही ओसरला नाही, तर सोनोग्राफी लगेच करावी. मूत्रपिंडातल्या गाठीने शिरेची वाट अडवलेली असू शकते.