रेकॉर्डसेट (एएसपी)

मायक्रोसॉफ्टच्या क्लासिक एएसपीमध्ये (सर्व्हरवर वेबपाने तयार करण्याचे तंत्र, १९९६) डेटाबेसकडे पाठवलेल्या क्वेरीचे, म्हणजे माहितीच्या मागणीचे, उत्तर ज्या ऑब्जेक्टमधून मिळते, तो रेकॉर्डसेट. मुळात तो एडीओ या डेटाबेसशी जोडणाऱ्या घटकसंचातला. एएसपीची पाने बहुधा व्हीबीस्क्रिप्ट या भाषेत लिहिली जात असल्याने वापर तिथूनच होई.

उत्तरात हजार ओळी असल्या तरी हाताशी एका वेळी एकच असते. तिला चालू ओळ म्हणतात आणि तिच्यावर कर्सर (चालू जागा दाखवणारी खूण) उभा असतो. पहिल्या ओळीच्या आधीची जागा बीओएफ, शेवटच्या ओळीनंतरची ईओएफ. दोन्ही एकदमच खरे असतील तर क्वेरीला काहीच सापडलेले नाही. म्हणून नेहमीचा लूप ‘ईओएफ येईपर्यंत’ असा लिहितात आणि त्याच्या शेवटी मूव्हनेक्स्ट (कर्सर पुढच्या ओळीवर नेणारी आज्ञा) देतात. पीएचपी या दुसऱ्या वेबभाषेत ओळ वाचली की कर्सर आपोआप पुढे सरकतो. इथे तो हाताने सरकवावा लागतो. मूव्हनेक्स्ट राहून गेले तर तीच ओळ पुन्हापुन्हा छापली जाते आणि पान काही संपत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंदांनी सर्व्हर ते तोडतो, किंवा त्याआधीच बफर (पान पाठवण्याआधी साठवण्याची जागा) भरतो.

खरा घोळ कर्सरच्या प्रकारात आहे. वेगळे काही सांगितले नाही तर कर्सर फक्त पुढे जाणारा मिळतो. तो हलका असतो, आणि यादी दाखवून मोकळे व्हायचे असेल तर तोच योग्य. पण त्याला मागे नेता येत नाही. मूव्हफर्स्ट (पहिल्या ओळीवर नेणारी आज्ञा) दिले तर क्वेरी नव्याने चालण्याची शक्यता असते. शिवाय रेकॉर्डकाउंट, म्हणजे ओळींची संख्या, विचारले की उत्तर येते −१. ‘संख्या शून्यापेक्षा जास्त असेल तर यादी दाखव’ अशी अट घातलेले पान मग टेबलात भरपूर ओळी असूनही ‘माहिती उपलब्ध नाही’ असे सांगते. रिकामेपणा तपासायला ईओएफच बरे. संख्या हवीच असेल तर स्टॅटिक किंवा कीसेट हा मागेपुढे फिरणारा कर्सर उघडावा. पानापानाने यादी दाखवायला पेजसाइझ (एका पानावर किती ओळी; मूळ मूल्य १०) आणि अॅब्सोल्यूटपेज (कितवे पान) आहेत.

वर्दळीच्या साइटवर कर्सर फिरवत बसण्यापेक्षा गेटरोज या आज्ञेने सगळ्या ओळी अॅरेत (मेमरीतल्या तक्त्यात) घेऊन कनेक्शन लगेच बंद करणे परवडते. त्या अॅरेत मात्र आधी स्तंभाचा क्रमांक येतो, मग ओळीचा. उलट लिहिले तर बहुधा ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ (क्रमांक मर्यादेबाहेर) ही त्रुटी येऊन पान थांबते; ओळी आणि स्तंभ नेमके सारखेच असतील तर मात्र चुकीची माहिती बिनबोभाट छापली जाते.