रेवदंड्याचा तट आणि फुटलेल्या युत्या

रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लई, जिथे अजून पोर्तुगीज वळणाची बोली कानावर पडते. हिंद महासागरातल्या देशांनी बड्या सत्तांसमोर एकत्र यावं, ही कल्पना परिषदांमध्ये नवी म्हणून मांडली जाते. या खाडीने ती पाचशे वर्षांपूर्वीच पाहिली आहे.

१५०८ साली इजिप्तचा अमीर हुसेन आणि गुजरातचा मलिक अयाझ यांनी इथे पोर्तुगीज आरमाराचा पराभव केला. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. अयाझने मात्र पकडलेल्या पोर्तुगीजांची बडदास्त ठेवून आल्मेदाकडे पत्रं धाडली! १५०९ मध्ये दीवला युतीचा धुव्वा उडाला.

१५७० चा बेत मोठा होता. आदिलशहाने गोव्याला, निजामशहाने चौलला, म्हणजे इथल्याच पोर्तुगीज ठाण्याला, वेढा घालायचा आणि कालिकतच्या सामुतिरी राजाने समुद्रातून मदत करायची. महिनोन्‌महिने तोफा चालल्या. मग १५७१ च्या पावसाळ्यात निजामशहाने आपल्यापुरता तह केला; आदिलशहाने डिसेंबरात. दोघांनाही जहाजांचे परवाने पोर्तुगीजांकडूनच घ्यायचे होते, कारण कार्ताझ, म्हणजे हा परवाना, नसलेलं जहाज जप्त होई.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोचतं. तुळाजी आंग्र्यांशी वैर म्हणून पेशव्यांनी इंग्रजांचा हात धरला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं. पेशव्यांना किल्ला मिळाला, पण त्याच वर्षीच्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे राहिला.

शीतयुद्धात श्रीलंकेने पुढाकार घेतला. हिंद महासागर शांतताक्षेत्र असल्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला १६ डिसेंबर १९७१ ला, म्हणजे ढाक्यात शरणागती झाली त्याच दिवशी. अमेरिकेची एंटरप्राइज विमानवाहू नौका तेव्हा बंगालच्या उपसागराकडे आली होती. ठराव कागदावरच राहिला.

१९९७ मध्ये मॉरिशसला १४ देशांनी आजची ‘आयोरा’ ही हिंद महासागराकाठच्या देशांची संघटना स्थापली. आता सदस्य २३ आहेत. निर्णय सर्वसंमतीने, आणि दोन देशांमधले वाद चर्चेतून वगळलेले. माझ्या मते ती टिकली यामुळेच, आणि मवाळही राहिली यामुळेच. येमेन तिचा संस्थापक सदस्य. २०२३ च्या अखेरीस तिथूनच हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर हल्ले सुरू केले. आयोराकडे त्यावर इलाज नव्हता. न्हावा-शेव्याहून युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, वास्को द गामाच्याच वाटेने.