नवान्न पौर्णिमा

कोकणात आश्विन पौर्णिमेला नव्या भाताची पहिली लोंबी घरात आणून तिची पूजा करतात आणि नव्या तांदळाचा पहिला घास खातात. हा कृषिविधी म्हणजे नवान्न पौर्णिमा, बोलीत ‘नव्याची पुनव’. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या भातशेतीच्या जिल्ह्यांत तो विशेष पाळला जातो. देशावर आणि शहरांत हीच रात्र कोजागिरी म्हणून ओळखली जाते. गणपती किंवा शिमग्याच्या मानाने हा सण लहान, एका दिवसात उरकणारा आणि जवळजवळ बिनखर्चाचा आहे. भातावर जगणाऱ्या घराला मात्र वर्षाच्या हिशेबात याच दिवसापासून नवे वर्ष धरावेसे वाटावे, इतके त्याचे मोल आहे.

याला कापणीचा सण म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी त्या दिवशी कापणी संपलेली नसते, बहुतेक ठिकाणी ती नीट सुरूही झालेली नसते. कोकणातल्या भाताच्या जाती पिकण्याच्या मुदतीवरून हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा ओळखल्या जातात. हळवे भात साधारण ११५ दिवसांच्या आत तयार होते, निमगरव्याला त्याहून दोन-तीन आठवडे जास्त लागतात आणि गरवे भात १३५ दिवसांच्याही पुढे जाते. मेअखेर किंवा जूनच्या आरंभी पेरलेले हळवे भात आश्विनात पिवळे होते, तेव्हा खालच्या पाणथळ मळ्यांतले गरवे अजून हिरवेच असते. पुढे परतीच्या पावसाची धास्ती असतेच. हस्त आणि चित्रा या नक्षत्रांचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो, उभे पीक आडवे पाडतो, आणि चार दिवस ऊन पडले नाही तर लोंबीतल्या दाण्यालाच कोंब फुटतात. म्हणजे पीक हाती लागेल की नाही याची खात्री होण्याआधीच घरात त्याची पूजा होते. भरल्या कणगीपुढे हात जोडणे सोपे आहे. उभ्या शेताच्या भरवशावर हात जोडणे निराळे, आणि या सणाचा मोठेपणा मला त्यातच दिसतो.

तिथी चंद्रावर चालते आणि पीक पावसावर, त्यामुळे दोघांचा मेळ दरवर्षी सारखा बसत नाही. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने ही पौर्णिमा २८ ऑक्टोबरला पडली, तर २०२५ साली ती ६ ऑक्टोबरलाच आली. तीन आठवड्यांचा हा फरक शेतात फार मोठा असतो. पौर्णिमा लवकर आली तर सारी मदार हळव्या भातावर असते. घरच्या शेतात हळवे नसेल तर भावकीतून लोंब्या आणल्या जातात. काही गावांत हा विधी दसऱ्यालाच उरकतात, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. दसऱ्याच्या तोरणात झेंडू व आंब्याच्या पानांबरोबर भाताच्या लोंब्या ओवण्याची चाल तर राज्यात इतरत्रही आहे.

विधीचा गाभा म्हणजे ‘नवे बांधणे’. भाताच्या लोंब्या, नाचणीचे आणि वरीचे कणीस, कुर्डूचे फूल, झेंडूचे फूल हे सगळे आंब्याच्या पानात धरून केळीच्या सोपाने (खोडाच्या सालीने) किंवा साध्या दोऱ्याने बांधले की नव्याची एक जुडी होते. ही सामग्री शेतकऱ्याच्या जमिनीचा नकाशाच म्हणावी अशी आहे. भात मळ्यातले, नाचणी आणि वरी डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतल्या, झेंडू घरामागच्या परड्यातला, आंबा दारातला. कुर्डू तर कुणी लावत नाही. पावसाळ्यात ते तण म्हणून उगवते, कोवळेपणी त्याच्या पाल्याची भाजी होते आणि आश्विनात त्याचे गुलाबी-पांढरे तुरे बांधाबांधावर डोलू लागतात. ज्याला वर्षभर उपटून टाकले, त्या तणालाही या जुडीत भाताच्या शेजारी जागा मिळते.

घरातला कर्ता माणूस सकाळी आंघोळ करून शेतात जातो, पिकाला हळद-कुंकू वाहून नारळ ठेवतो आणि मोजक्या लोंब्या कापून आणतो. उंबऱ्यावर त्याच्या पायांवर पाणी घालून, लोंब्यांना ओवाळून त्या आत घेतल्या जातात. मग जुड्या बांधल्या जातात. पहिली देव्हाऱ्याला. नंतर मुख्य दरवाजा, तुळशीवृंदावन, कणगी, विहीर, गोठा, नांगर, जाते, उखळ-मुसळ असा फेरा चालतो. अलीकडे त्यात पाण्याचा पंप, मोटारसायकल आणि दुकानाचा गल्ला यांची भर पडली आहे, आणि ती विधीच्या मूळ भावनेला धरूनच आहे, कारण ज्या ज्या वस्तूच्या आधाराने घर चालते तिला नव्याचा वाटा मिळावा हाच त्यामागचा हेतू. दारावरची जुडी वर्षभर तशीच राहते. वाळते, धुरकटते, चिमण्या तिच्यातले दाणे टिपून नेतात, आणि पुढच्या नव्याला ती उतरवून नवी बांधतात.

ग्रामदेवतेची व्यवस्था अजून पक्की आहे अशा काही गावांत हे सारे आधी देवळात होते. मानकरी ढोल-ताशांसह ठरलेल्या शेतात जातात, लोंब्या देवापुढे ठेवल्या जातात आणि गाऱ्हाणे घातले जाते. गाऱ्हाणे घालणारा एकेक मागणे मांडतो आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला होकार देतो. पीक, गुरेढोरे, परगावी गेलेली मुले, रोगराई, सगळे त्या मागण्यांत येते. मानकऱ्यांचा क्रम, कोणत्या घराण्याने काय करायचे हे परंपरेने ठरलेले असते. त्यावरून तंटेही होतात आणि काही ठिकाणी विधी त्यापायी वर्षानुवर्षे अडून राहतो. सामुदायिक परंपरेचे वर्णन करताना ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

देवाला दाखवल्याशिवाय नवे तोंडात घालायचे नाही, हा नियम मात्र गावभर एकच. श्रावण-भाद्रपदात जुने धान्य तळाला लागलेले असते. अशा टंचाईच्या दिवसांत समोर पिकलेले हळवे भात पाहूनही सर्वांनी थांबायचे, ही शिस्त सोपी नव्हती. अर्धकच्चे पीक भुकेपायी कापले जाऊ नये, याला तिचा हातभार लागत असावा.

पौर्णिमेच्या दिवशी नवा तांदूळ फारसा हाती नसतो. आणलेल्या लोंब्यांतले दाणे हाताने चोळून, सोलून जुन्या तांदळाच्या भातात किंवा खिरीत घातले तरी नवान्न झाले असे मानतात. हळवे आधीच झोडून झाले असेल तर घरभर नव्या तांदळाचा भात होतो. नव्या तांदळात ओल जास्त असते. त्याला पाणी कमी लागते आणि भात मऊ, चिकट होतो. काही महिने साठवल्यावर तोच तांदूळ शिजताना फुगतो आणि शिते मोकळी होतात. म्हणून लग्नाच्या पंगतीला जुना तांदूळ आणि खिरीला, पेजेला नवा, असा स्वयंपाकघराचा नेम आहे. नव्या भाताच्या वाफेचा जो गोडसर वास येतो तो जुन्या तांदळाला राहत नाही. वालय, मुणगा, पटणी, बेळा, सोरटी या जुन्या जातींची चव ज्यांच्या जिभेवर आहे ती माणसे अजूनही वासावरून भात ओळखतात. कर्जत आणि रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील संशोधन केंद्रांनी दिलेल्या सुधारित जातींनी उत्पन्न वाढवले, पण जुन्या जाती मागे पडल्या. त्यांचे बियाणे राखणारे शेतकरी थोडेच उरले आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे.

नव्याच्या पानात खीर, डाळ-भात आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे असते. घावणे, आंबोळ्या किंवा नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या (तांदळाच्या शेवया) घरोघरच्या रीतीप्रमाणे. तवसे, म्हणजे मोठी काकडी, याच हंगामाचे. त्याचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ घालून केलेले धोंडस मंद आचेवर भाजले जाते, आणि तळाला लागलेली त्याची खरपूस पापुद्र्याची बाजू मुले आधी मागतात.

रात्री कोजागिरी. आटीव दूध सर्वांना ठाऊक आहे, पण धर्मग्रंथांत या रात्रीसाठी सांगितलेले अन्न पोहे आणि नारळाचे पाणी हे आहे, आणि भाताच्या हंगामाशी पोह्यांचे नाते उघड आहे. याच दिवशी घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. या ओवाळण्याला ‘आश्विनी’ म्हणतात. शेतातले पहिले धान्य आणि घरातले पहिले मूल यांचा मान एकाच दिवशी व्हावा, हा योग मला फार सुंदर वाटतो.

नव्या पोह्यांचा खरा दिवस पंधरवड्याने येतो. नरकचतुर्दशीला, सिंधुदुर्गात आणि गोव्यात ज्याला ‘चावदिस’ म्हणतात त्या पहाटे, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट हे कडू रानफळ फोडायचे आणि मग पोहे खायचे. गूळपोहे, दूधपोहे, ताकातले पोहे, तिखट पोहे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. शेजाऱ्यांना पोहे खायला बोलावणे हा रिवाज आहे. पूर्वी भात भिजवून, भाजून, व्हायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या उखळात, मुसळाने कांडून पोहे घरीच होत. आता ते गिरणीतून येतात.

नव्या धान्याचा आधी देवाला भाग देण्याची चाल वैदिक काळाइतकी जुनी आहे. गृह्यसूत्रांत ‘आग्रयण’ नावाचा विधी सांगितला आहे. शरदात तांदळाचे आणि वसंतात जवाचे आग्रयण होई. कोकणातल्या विधीचा मोठा भाग मात्र पोथीबाहेरचा, शेतकऱ्यांच्या आणि ग्रामदेवतांच्या परंपरेतला आहे. पालघरच्या वारली समाजातही नवे पीक देवाला दिल्याशिवाय खात नाहीत. आश्विन वद्य द्वादशीला तिथे वाघदेवाच्या पूजेची वाघबारस होते आणि याच हंगामात तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर नाच रंगतो. गोव्यात हिंदू घरांत गणेश चतुर्थीच्या सुमारास नव्याची पंचम होते, तर ख्रिस्ती गावांत कणसांचे फेस्त ऑगस्टमध्ये येते: राय येथे ५ तारखेला, ताळगावात २१ तारखेला. पश्चिम ओडिशातले नुआखाई, बंगालमधले अग्रहायणातले नवान्न आणि कोडगूमधली पुत्तरी ही याच कुळातली.

कोकणातून मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला येतो, नव्याला सहसा येत नाही. मजुरी परवडत नाही, रानडुकरे आणि माकडे पीक ठेवत नाहीत, त्यामुळे अनेक मळे ओसाड पडले आहेत. पूर्वी सावडीने, एकमेकांच्या शेतात राबून होणारी कापणी आता रोजंदारीवर किंवा यंत्रावर होते. मुंबईत दसऱ्याच्या आधी दादरच्या फुलबाजारात लोंब्या विकत मिळतात. गावात अजून त्या विकत घेण्याची वेळ आलेली नाही. ज्याचे शेत पडीक आहे तो शेजाऱ्याच्या मळ्यातून चार लोंब्या मागून आणतो आणि नवे बांधतो.