मुसा बुसी आणि डी बॉयन: एकाच्या खात्यावर दुसऱ्याची लढाई

पानिपतच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी हटकून म्हणतं, "आपला तोफखाना त्या फ्रेंच सरदारानं तयार केला होता ना!" कुठल्या, असं विचारलं तर कधी बुसीचं नाव येतं, कधी डी बॉयनचं. दोघेही कवायती पायदळ आणि तोफा घेऊन आपल्या इतिहासात आले, त्यामुळे घोटाळा होणं समजण्यासारखं आहे. पण एक आपल्यावर चालून आला होता आणि दुसरा आपल्या पगारावर होता. हे उलटसुलट झालं की पानिपतही कळत नाही आणि महादजीही कळत नाहीत.

पहिला मार्की द बुसी. हा खराखुरा फ्रेंच उमराव. मराठी कागदांत तो 'मुसा बुसी' म्हणून येतो. 'मुसा' हे नाव नव्हे, 'मस्यू' या फ्रेंच संबोधनाचं आपल्या तोंडी बसलेलं रूप आहे. पुढे निजामाकडच्या रेमंड या फ्रेंच सेनानीलाही लोक मुसाच म्हणत, म्हणून नुसत्या 'मुसा'वरून माणूस ओळखायला जाऊ नये.

बुसी पॉंडिचेरीहून तिथला फ्रेंच गव्हर्नर डुप्लेक्स याच्या हुकुमानं दख्खनेत आला. 1751 मध्ये निजाम मुजफ्फरजंग मारला गेल्यावर त्यानं सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो निजामाच्या फौजेसह थेट पुण्याच्या रोखानं निघाला. चंद्रग्रहणाची रात्र होती. कुकडीच्या परिसरात नानासाहेब पेशव्यांची छावणी ग्रहणाच्या स्नानसंध्येत असताना त्यानं तोफा डागल्या. पेशव्यांना तिथून निसटावं लागलं आणि पूजेची सोन्याची उपकरणी शत्रूच्या हाती लागली. मग रांजणगाव लुटलं गेलं, तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त झालं. नगर-पुणे रस्त्यानं जाताना या गावांच्या पाट्या आपण रोज वाचतो, पण बुसीची आठवण तिथे कुणी काढत नाही, याची मला खंत वाटते. मराठी घोडदळ पुढे सावरलं, निजामाच्या सैन्याचे पगार थकले आणि 1752 च्या सुरुवातीला तह झाला. पण तोफांसमोर आपलं काय होतं हे त्या रात्री पुणे दरबाराला कळून चुकलं.

पानिपतशी बुसीचा संबंध जोडतो तो इब्राहिमखान गारदी. हा दख्खनी माणूस बुसीच्या हाताखाली कवायत शिकला, मग सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याच्याकडे गेला आणि तिथून भाऊसाहेबांकडे आला. 14 जानेवारी 1761 ला रोहिल्यांवर तुटून पडलेल्या गारदी पलटणी त्याच्या होत्या. त्यांचा सेनापती फ्रेंच नव्हता. बुसी तर त्याआधी वर्षभर, जानेवारी 1760 मध्ये, तमिळ मुलखातल्या वांदिवाशच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला होता आणि पानिपतनंतर दोनच दिवसांनी पॉंडिचेरीही पडली. घायाळ होऊन पकडला गेलेला इब्राहिमखान अब्दालीच्या छावणीत मारला गेला. त्याचं श्रेय एखाद्या 'फ्रेंच सरदारा'ला देणं हा त्या इमानी माणसावर अन्याय आहे.

आता डी बॉयन. बुसी पुण्यावर चालून आला त्याच 1751 साली, मार्चमध्ये, तो शांबेरीला जन्मला. शांबेरी सॅव्हॉय प्रांतातलं, आणि आज फ्रान्समध्ये असलेलं सॅव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाचं. म्हणजे जन्मानं तो फ्रेंच नाही आणि उमरावही नाही. बाप कातडी-फरचा व्यापारी, घरचं आडनाव लबोर्न्य. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत तो काही वर्षं होता, मग तुर्कांच्या कैदेत पडला आणि 1778 मध्ये मद्रासला उतरून चक्क इंग्रज कंपनीच्या नोकरीत राहिला.

1784 मध्ये महादजी शिंद्यांनी त्याला दोन पलटणी उभारायला सांगितलं. बुसीच्या फौजेमागे पॉंडिचेरीचं राजकारण होतं. डी बॉयनमागे कुठलाच राजा नव्हता. इंग्रजांशी लढणार नाही, एवढी अट मात्र त्यानं आधीच घातली होती. 1790 मध्ये जूनला राजस्थानातल्या पाटणची आणि सप्टेंबरला मेडत्याची लढाई त्याच्या पायदळानं जिंकली. पगार वेळेवर मिळावा म्हणून महादजींनी त्याला गंगा-यमुनेमधल्या दुआबातला मुलूख लावून दिला होता. बुसीनंही 1753 मध्ये सलाबतजंगाकडून पूर्व किनाऱ्यावरचे 'उत्तर सरकार' नावाचे जिल्हे याच कारणासाठी मिळवले होते. दोघांच्या कामातलं खरं साम्य हेच: शिपायाचा पगार थकला तर कवायत मोडते, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं.

कागद वाचताना शब्दांचा थोडा उपयोग होतो. बुसीच्या तालमीतले ते 'गारदी', शिंद्यांच्या ब्रिगेडी म्हणजे 'कंपू'. आजची कंपूबाजी याच शब्दाची नात. पण 'गारदी' पुढे कुठल्याही भाडोत्री पायदळाला म्हणू लागले, 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून करणारेही गारदीच. म्हणून साल आणि मुलूख आधी पाहावा: 1760 च्या आधी दख्खनेत बुसी, 1784 ते 1795 उत्तरेत डी बॉयन. त्याच्यानंतर कंपू पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे गेले, तो तिसराच.

डी बॉयन 1795 च्या अखेरीस शिंद्यांची चाकरी सोडून युरोपला परतला. काउंट ही पदवी त्याला 1816 मध्ये सार्डिनियाच्या राजानं दिली, तोवर त्याची तलवार म्यान होऊन वीस वर्षं झाली होती. 1830 मध्ये तो शांबेरीतच वारला. तिथल्या चौकात 1838 पासून त्याच्या स्मरणार्थ एक कारंजं आहे, आणि त्याचा भार चार हत्तींवर आहे.