आज्ञेत आनंद कसा? कोल्हापूरच्या मंडळ्यांमधल्या एका शिकवणीची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, रविवारच्या उपासनेपासून घरगुती प्रार्थनासभेपर्यंत, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्रग्रंथाचा) १५वा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला जातो. माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल, असं येशू त्यात शिष्यांना सांगतो, आणि लगेच कारणही देतो: तुमचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून. हुकूम पाळण्यात कसला आलाय आनंद, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतोच. आमच्या भागात त्याला आणखी एक धार आहे, कारण इथल्या बऱ्याच ख्रिस्ती घराण्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या हुकुमाशिवाय दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

हे बोलणं अटकेच्या आदल्या घटकांमधलं आहे. शेवटचं भोजन आटोपलेलं, वधस्तंभ काही तासांवर. त्याआधी येशू द्राक्षवेलीचा दाखला देतो: फळ देणाऱ्या फांदीचीही छाटणी होते. तासगावकडचा बागायतदार हे वाक्य ऐकून नुसती मान डोलावेल. ऑक्टोबरात छाटणी केली नाही तर घड कुठून येणार? पण अध्यायाचं मर्म त्यापुढे आहे. ज्या आज्ञा पाळायच्या त्यांचा गाभा येशू एकाच आज्ञेत सांगतो: मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा. आणि पंधराव्या वचनात तो शिष्यांना दास म्हणायचं थांबवतो, मित्र म्हणतो. धनी काय करतो ते दासाला माहीत नसतं. मित्राला सगळं सांगितलेलं असतं. म्हणजे इथलं आज्ञापालन विश्वासात घेतलेल्या माणसाचं आहे.

येशूने हे अचानक काढलं नव्हतं. देवाचे विधी हृदयाला आनंद देतात, असं बायबलच्या जुन्या करारातलं १९वं स्तोत्र म्हणतं. सगळ्यांत लांब, ११९वं स्तोत्र तर नियमशास्त्राच्या, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या, आवडीतच रंगलेलं आहे. दहा आज्ञांची सुरुवातही पाहावी. मी तुला मिसर देशातून, दास्याच्या घरातून बाहेर काढलं, हे देवाचं बोलणं आधी येतं आणि आज्ञा नंतर. सुटका आधी, मग पालन. हा क्रम उलटा केला की सगळी शिकवण बिघडते.

कोल्हापुरात ही शिकवण रुजवणारे पहिले मिशनरी म्हणजे रॉयल आणि एलायझा वाइल्डर. आधी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करून हे दांपत्य १८५२ साली कोल्हापूर संस्थानात आलं. मध्यंतरी मूळ संस्थेचा आधार सुटला, काही वर्षं त्यांनी स्वतंत्रपणे काम केलं, आणि १८७० साली ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळाकडे गेलं. कोल्हापुरातच १८६३ साली जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा (विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकार्याकडे वळवणाऱ्या चळवळीचा) एक प्रमुख प्रवर्तक झाला.

प्रेस्बिटेरियन लोकांबरोबर वेस्टमिन्स्टरच्या प्रश्नोत्तरावलीची, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्मश्रद्धा शिकवणाऱ्या पुस्तिकेची, परंपराही आली. १६४७ साली पूर्ण झालेल्या लहान प्रश्नोत्तरावलीचा पहिलाच प्रश्न आहे: मनुष्याच्या जीवनाचा मुख्य हेतू काय? उत्तर: देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणं. तारण, म्हणजे पापातून सुटका, त्यानंतर येतं, आणि आज्ञांचं विवेचन तर उत्तरार्धात. प्रेस्बिटेरियन म्हटलं की रुक्ष शिस्त डोळ्यांसमोर येते, पण त्यांच्या शिकवणीच्या पहिल्या ओळीत आनंद आहे. हे मला फार मोलाचं वाटतं.

या भागात नव्याने ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजांतले लोक मोठ्या संख्येने होते. गावकीची कामं, वेठ, कुणीही हाक मारावी आणि धावत जावं, असं जिणं. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी महार वतनं रद्द केली ती १९१८ साली. तोवर राबणं हा कायद्याचाच भाग होता. अशा माणसाच्या कानावर ‘यापुढे दास नव्हे, मित्र’ हे वचन पडलं तेव्हा काय झालं असेल, याचा विचार आपल्या पाळकांनी प्रवचनात जरूर करावा. पाटलाच्या हुकुमामागे भीती होती. हा प्रभू तर आधी स्वतः शिष्यांचे पाय धुतो आणि मग सांगतो, तुम्हीही धुवा.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटली नाही, याचं बरंचसं श्रेय नारायण वामन टिळकांचं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला तुकोबांच्या वाटेने ख्रिस्त भेटला, असं ते स्वतः मानत. त्यांच्या अभंगांमुळे देवाच्या इच्छेला शरण जाण्यातलं सुख मंडळीच्या ओठांवर आपल्याच चालीत आलं. पेटी, तबला, टाळ घेऊन भजनं म्हणणाऱ्या मंडळीला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आज्ञेचं कृतीतलं रूप शेजारीच उभं राहिलं. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली या भागात आले, १८९४ साली मिरजेचं रुग्णालय सुरू झालं. त्यांच्या पत्नीचं नाव कोल्हापूरच्या मेरी वॉनलेस रुग्णालयाला आहे. डॉक्टरांचं नाव राहतं. पण रात्रपाळीत जखमा धुणाऱ्या मराठी परिचारिका, पन्हाळा-कोडोलीच्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडणारे प्रचारक आणि बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया यांनीच ती एक आज्ञा रोजच्या रोज पाळली.

अलीकडे काही सभांमधून वेगळा सूर ऐकू येतो: आज्ञा पाळा, म्हणजे नोकरी लागेल, आजार जाईल, घर होईल. आनंदाला असं मोबदल्याचं रूप देणं मला मान्य नाही. गरजू माणसाने देवाकडे भाकर मागावी, त्यात गैर काही नाही. पण नोकरी न लागलेल्या तरुणाला ‘तुझं आज्ञापालन कमी पडलं’ असं ऐकवणं ही क्रूरता आहे. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आनंद पानोपानी आहे, आणि ते लिहिताना प्रेषित पौल बेड्यांत होता. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञाधारक झाला असं सांगून पौल पुढे म्हणतो: माझा प्राण अर्पण होत असला तरी मी आनंद करतो, आणि तुम्हीही माझ्याबरोबर करा.