अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेलं रग्बी नाही

रग्बी तुम्ही बघितलंय असं धरून चालतो, त्यामुळे लांबट बॉल, ८० मिनिटं, हाताने पास पुढे टाकायचा नाही वगैरे परत सांगत बसत नाही. सुपर बोल (अमेरिकन फुटबॉल लीगची फायनल) आला की दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "हे रग्बीच आहे, फक्त पॅड घालून आणि सारखं थांबून खेळतात". पॅड, पंधराऐवजी अकरा जण, ट्रायचे ५ आणि त्याच्यासारख्याच टचडाउनचे ६ पॉइंट हे सगळं दोन मॅच बघितल्या की आपोआप कळतं. बॉल पुढे फेकता येतो (१९०६ पासून) हा फरक मोठा आहे, पण तो डोळ्यांना दिसतो. गोंधळ होतो तो थांबण्याचा.

रग्बी युनियनमध्ये टॅकल झाला की पडलेल्याने बॉल सोडायचा, दोन्हीकडचे त्यावर तुटून पडणार आणि खेळ चालूच. अमेरिकन फुटबॉलमध्ये टॅकल झाला की शिटी, तो प्ले संपला, पण बॉल त्याच टीमकडे राहतो. चार डाउनमध्ये (म्हणजे चार प्रयत्नांत) १० यार्ड काढायचे, निघाले तर नवे चार, नाही निघाले तर बॉल समोरच्यांना. या खेळाचे सुरुवातीचे नियम घडवणाऱ्या वॉल्टर कॅम्पने १८८२ मध्ये हे आणलं तेव्हा तीन डाउनमध्ये ५ यार्ड होते, आजचं चारात १० हे १९१२ पासूनचं. म्हणजे प्रत्येक शिटीनंतर हिशोब नव्याने मांडला जातो, किती यार्ड उरले, कुठला डाउन, घड्याळात किती वेळ, आणि दोन्ही कोच एकमेकांच्या मनातलं ओळखायला बघत असतात. क्रिकेटमध्ये बॉलर रनअपला परत जाताना कॅप्टन फील्ड हलवतो तेव्हा आपण कंटाळतो का? मग इथेच "ब्रेक फार आहेत" ही तक्रार कशाला. जाहिरातींचा मलापण वैताग येतो, पण तो टीव्हीचा दोष आहे, खेळाचा नाही.

फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल घ्या. सिअ‍ॅटल २४-२८ ने मागे, त्यांचा बॉल घेऊन धावणारा मार्शॉन लिंच, त्याला टचडाउनपासून एक यार्डावर पाडलं, साधारण एक मिनिट बाकी. न्यू इंग्लंडचा कोच बेलिचिक टाइमआउट शिल्लक असून घेत नाही, घड्याळ पळू देतो आणि तिसरा कॉर्नरबॅक (पास पकडणाऱ्यांना अडवणारा) म्हणून माल्कम बटलर या नवख्या पोराला आत पाठवतो. सिअ‍ॅटलचे रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे, ज्या पद्धतीने उभे राहिले ते बटलर ओळखतो, कारण प्रॅक्टिसमध्ये याच प्लेवर तो फसला होता. २६ सेकंद बाकी असताना सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) रसेल विल्सन पास टाकतो, बटलर मधे घुसून तो पकडतो, सिअ‍ॅटलची मॅच गेली. लिंचसारखा धावणारा असताना पास का टाकला यावर लोक अजून भांडतात, आणि माझ्या मते तो प्ले बॉल हलायच्या आधीच अर्धा ठरला होता, त्याच थांबलेल्या वेळात.

सलग धावपळच आवडत असेल तर खुशाल रग्बी बघा, तो जबरदस्त खेळ आहे. पण हे बघणार असाल तर हायलाइट्सवर जाऊ नका, त्यात नेमका हाच वेळ कापलेला असतो. पूर्ण मॅच लावा आणि थर्ड डाउन आला की बॉलवरची नजर काढून डिफेन्स कुठे सरकतोय ते बघा.